गुणोत्तर लिहिताना "कोणाचं, कोणाशी" हे मुलांना कसं समजावता?

वहीतली_आई | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. लेक सहावीत आहे, मराठी माध्यम. घटक चाचणीत गुणोत्तरावर तीन प्रश्न होते, तिन्ही चुकले. गुण गेल्याचं वाईट वाटत नाही. पण तिला एकेक उत्तर विचारत गेले तेव्हा कळलं की प्रत्येक चुकीमागे तिचं स्वतःचं कारण होतं, आणि तिन्ही कारणं वेगळी होती. म्हणून इथे विचारतेय.

पहिला प्रश्न: वर्गात १८ मुली व २४ मुलगे आहेत. मुलींच्या संख्येचे एकूण विद्यार्थ्यांच्या संख्येशी असलेले गुणोत्तर काढा. हिने लिहिलं ३ : ४. म्हणाली, "दोनच तर संख्या दिल्या होत्या."

दुसरा: ७५ पैशांचे २ रुपयांशी गुणोत्तर. हिचं उत्तर ७५ : २.

तिसरा: आईचे वय ३६ व मुलीचे १२. आणखी १२ वर्षांनी त्यांच्या वयांचे गुणोत्तर किती होईल? हिने ३ : १ लिहिलं. कारण, "दोघींची वयं सारखीच वाढणार ना, मग गुणोत्तर कसं बदलेल?" या प्रश्नावर मीही थोडा वेळ गप्प झाले. उत्तर २ : १ येतं हे मला काढता येतं, पण तिच्या म्हणण्यात कुठे चूक आहे ते नेमक्या शब्दांत सांगता आलं नाही.

मी तिला एकच नियम दिला होता: वाक्यात जे आधी येतं ते आधी लिहायचं. स्वाध्यायातल्या एका गणितात तोही उलटा पडला. ३ : ४ म्हणजे काय असं विचारलं तर म्हणते, "तीन, दोन टिंबं, चार." त्यापुढे काही नाही. तिला रीत पाठ करून द्यायची नाहीये. कसं शिकवता तुम्ही?

---

चिंचोका | मंगळवार, सकाळी ६:१५

ताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलं. आपल्या लेकीच्या तिन्ही चुका दर वर्षी पाहिल्या आहेत, आणि तिसरी चूक करणारं मूल बहुतेक वेळा विचार करणारं असतं.

आधी तुमच्या नियमाबद्दल. "आधी येतं ते आधी" हे मराठीत टिकत नाही, कारण आपल्या वाक्यात शब्द जागा सोडून फिरतात. ही दोन वाक्यं पाहा:

मुलींच्या संख्येचे मुलग्यांच्या संख्येशी गुणोत्तर.
मुलग्यांच्या संख्येशी मुलींच्या संख्येचे गुणोत्तर.

दोन्हींचं उत्तर १८ : २४. शब्द उलटले तरी प्रत्यय जिथे होते तिथेच चिकटून आहेत. ज्याला "चे" लागलं ते पूर्वपद, ज्याला "शी" लागलं ते उत्तरपद. मी मुलांना पेन्सिलीने "चे"भोवती गोल करायला लावायचो आणि "शी"खाली रेघ मारायला. मग संख्या न लिहिता आधी नुसते शब्द लिहायचे, "मुली : सर्व विद्यार्थी". आकडे सगळ्यात शेवटी. शब्द लिहिले की मुलाला आपोआप दिसतं की दुसऱ्या जागी २४ बसत नाही, १८ आणि २४ मिळून ४२ बसतात. १८ : ४२ म्हणजे ३ : ७.

"मुली व मुलगे यांचे गुणोत्तर" अशी रचना असेल तर मात्र "शी" नसतो. तिथे बोलल्या क्रमानेच लिहायचं. त्यापुरता तुमचा नियम बरोबर आहे.

आता ३ : ४ म्हणजे काय. माझ्या टेबलाच्या खणात एक डबा असायचा, त्यात चिंचोके आणि गजगे. मुलाला म्हणायचं, १८ चिंचोके आणि २४ गजगे घे, आणि त्यांचे असे गठ्ठे कर की प्रत्येक गठ्ठा अगदी सारखा दिसेल आणि काही उरणार नाही. कोणी २ गठ्ठे करतं, कोणी ३. खटपट करत करत ६ गठ्ठ्यांवर येऊन थांबतात, कारण त्यापुढे जाता येत नाही. प्रत्येक गठ्ठ्यात ३ चिंचोके आणि ४ गजगे. मग विचारायचं, "६ ही कोणती संख्या?" वर्गातलं एखादं पोर ओरडतं, "मसावि!" तो क्षण मी किती वेळा पाहिला असेल, तरी दर वेळी अंगावर काटा यायचा. संक्षिप्त रूप म्हणजे भागाकार करून लहान केलेली संख्या एवढंच नव्हे. ३ : ४ हा एक गठ्ठा आहे. किती गठ्ठे होते हे तो सांगत नाही, गठ्ठ्यात काय आहे तेवढं सांगतो.

आणि त्याच गठ्ठ्यावर बोट ठेवून दुसरा प्रश्न: "चिंचोक्यांचे सगळ्या बियांशी?" चिंचोके तेच ३. सोबती बदलला, म्हणून ७.

पैशांचं म्हणाल तर त्यात लेकीचा दोष कमी आहे. २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ नंतर चलनातच नाही. आजच्या सहावीतल्या मुलाने ७५ पैसे हातात धरलेलेच नसतात. त्याच जातीचं गणित सेंटिमीटर आणि मीटर घेऊन द्या: ७५ सेंमी लांब फितीचे २ मीटर लांब फितीशी. दोन्ही फिती जमिनीवर शेजारी अंथरल्या की ७५ : २ असं कोणी म्हणणार नाही, कारण पहिली फीत आखूड आहे हे डोळ्यांना दिसतं. एकक एक करा, ७५ : २००, म्हणजे ३ : ८.

वयाचं संध्याकाळी लिहितो.

---

ओळंबा | मंगळवार, दुपारी १:२०

साइटवरून लिहितोय, जेवणाची सुट्टी आहे. गुरुजींचं "चे" आणि "शी" आवडलं. आमच्याकडे दुसरी भाषा चालते. मिस्त्री म्हणतो, "एकास सहा कालव." म्हणजे सिमेंटचं एक घमेलं, वाळूची सहा. वीटकामाचा माल. प्लास्टरला एकास चार. इथे "स" पहिल्याला लागतो, आणि पहिलं नेहमी सिमेंट. हे कोणी सांगत नाही, सगळ्यांना माहीत असतं.

नवा पोरगा कामावर आला की मी एकच विचारतो, "एकास सहाच्या मालात सिमेंट कितवा भाग?" दहापैकी आठ जण सहावा म्हणतात. सातवा भाग असतो. ताईंच्या मुलीने जी चूक केली ती हीच, फक्त उलट्या अंगाने. त्यामुळे तिला सांगा की मोठी माणसंसुद्धा इथे अडखळतात, आणि इथे अडखळलं तर सिमेंटचा हिशेब चुकतो, गोण्या कमी पडतात.

स्लॅबला एम २० चा (ही काँक्रीटची एक प्रत) माल हातानं मापून करायचा तर प्रमाण एकास दीडास तीन. सिमेंट, वाळू, खडी. ५० किलोची एक गोणी साधारण ३५ लिटर भरते. म्हणून आम्ही ३५ लिटरची मापाची पेटी ठेवतो. एका गोणीला दीड पेटी वाळू, म्हणजे साडेबावन्न लिटर, आणि तीन पेट्या खडी, १०५ लिटर.

आता यातली गोम सांगतो. हे प्रमाण घनफळाचं आहे, आणि वाळू ओली झाली की फुगते. थोड्याशा ओलीनेसुद्धा पेटीत वीस-पंचवीस टक्के कमी वाळू बसते. पेटी भरलेली दिसते, पण आत वाळू कमी आणि पोकळी जास्त. कागदावर १ : १.५ : ३, घमेल्यात वेगळंच. पाणी मात्र घनफळावर नाही, वजनावर: सिमेंटच्या वजनाच्या निम्मं धरलं तर ५० किलोला २५ लिटर. एकाच मालात तीन वस्तू पेटीनं आणि चौथी वजनानं. म्हणून गुणोत्तर ऐकलं की आधी विचारायचं, कशात मोजलंय?

---

सरळरेषा | मंगळवार, दुपारी ३:०५

एक शंका, वाद घालायचा म्हणून नाही. ३ : ४ म्हणजे तीन छेद चारच ना? मुलीला अपूर्णांक येतात. गुणोत्तर हा अपूर्णांक लिहिण्याचा दुसरा प्रकार आहे एवढं सांगितलं तर काम होईल. चिंचोके, फिती हे सगळं प्राथमिक वर्गांना ठीक, सहावीत नेमकी व्याख्या द्यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

---

गुंज | मंगळवार, दुपारी ४:३०

आमचा सराफीचा व्यवसाय, तिसरी पिढी. ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दागिन्यावर कोरलेलं असतं.

२२ कॅरेट म्हणजे २४ भागांतले २२ भाग शुद्ध सोनं. शुद्ध सोन्याचं दागिन्याच्या एकूण वजनाशी गुणोत्तर २२ : २४, म्हणजे ११ : १२. आणि शुद्ध सोन्याचं मिसळलेल्या इतर धातूंशी? २२ : २, म्हणजे ११ : १. सोनं तेच, गुणोत्तरं दोन. हॉलमार्कवर जो ९१६ दिसतो तो ११ भागिले १२ करून हजारात मांडलेला आकडा. १८ कॅरेटवर ७५० असतं, कारण १८ : २४ म्हणजे ३ : ४. आपल्या लेकीने लिहिलेले तेच दोन आकडे, पण इथे ४ हा पूर्ण दागिना आहे. तिच्या उत्तरात ४ म्हणजे नुसते मुलगे होते.

१२ ग्रॅमची २२ कॅरेटची बांगडी कल्पना करायला सांगा: ११ ग्रॅम सोनं, १ ग्रॅम बाकी. दोन्ही गुणोत्तरं तिला त्यात दिसतील.

---

चिंचोका | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

सरळरेषा, शंका रास्त आहे. भागाकार करायला गेलो तर ३ : ४ आणि तीन चतुर्थांश यांची किंमत एकच येते, आणि पाठ्यपुस्तकही गुणोत्तर अपूर्णांकाच्या रूपात लिहायला सांगतं. पण "एवढं सांगितलं तर काम होईल" याला माझी हरकत आहे, आणि ती अनुभवातून आली आहे.

एक: ओळंबांचं १ : १.५ : ३ तुम्ही कोणत्या एका अपूर्णांकात लिहाल?

दोन: अपूर्णांक म्हटलं की मुलाच्या डोक्यात "पूर्णातला भाग" येतो. पोळीचे चार भाग, त्यातले तीन. मग चार मुलगे आणि तीन मुली या चित्रात तो पोळी शोधू लागतो. इथे पूर्ण आहे ७, आणि तो ७ कुठे लिहिलेलाच नाही.

तीन: अपूर्णांकांची बेरीज करता येते, म्हणून मुलं गुणोत्तरांचीही करतात. सरबताचं उदाहरण घ्या. एका जगात लिंबाचा रस आणि पाणी १ : ४, दुसऱ्यात १ : २. दोन्ही एकत्र ओतले तर? एक चतुर्थांश अधिक एक द्वितीयांश म्हणजे तीन चतुर्थांश, असं उत्तर मी तपासलेल्या वह्यांत कितीदा आलं आहे. दोन्ही जगांपेक्षा किती तरी आंबट सरबत दोन्हींच्या मिश्रणातून कसं निघेल? पुढे कोणी म्हणतं, रस १ आणि १ मिळून २, पाणी ४ आणि २ मिळून ६, म्हणून १ : ३. हे बरोबर येऊ शकतं, पण एका अटीवर: दोन्ही जगांत रस एकेक वाटीच असेल तर. दोन्ही जग दीड-दीड लिटरचे असतील तर पहिल्यात रस ३०० मिली व पाणी १२००, दुसऱ्यात रस ५०० व पाणी १०००. एकूण ८०० : २२००, म्हणजे ४ : ११. गठ्ठे किती हे गुणोत्तराने आपल्याला सांगितलंच नव्हतं, आणि मिसळताना नेमकं तेच लागतं.

आता वय. ताई, लेकीचं वाक्य अर्धं खरं आहे. दोघींची वयं सारखीच वाढतात, म्हणून *फरक* बदलत नाही. आज २४, पुढेही २४च राहणार. तुलना करायच्या दोन रीती आहेत. "कितीने जास्त" ही वजाबाकीची, "किती पट" ही भागाकाराची. तिने दुसऱ्या रीतीच्या प्रश्नाला पहिल्या रीतीचं सत्य लावलं. हे तिला असंच सांगा, चूक म्हणून नको. मग वहीत दोन रकाने पाडून तिलाच भरू द्या:

३६ आणि १२: फरक २४, गुणोत्तर ३ : १
४८ आणि २४: फरक २४, गुणोत्तर २ : १
६० आणि ३६: फरक २४, गुणोत्तर ५ : ३
७२ आणि ४८: फरक २४, गुणोत्तर ३ : २

पुढे विचारा, "कधी १ : १ होईल का?" यावर मुलं बराच वेळ विचार करतात. करू द्यावा.

---

पोफळीखालून | मंगळवार, रात्री ९:५५

आमच्या वाडीत दर वर्षी हेच गणित करतो. सुपारीला पावसाळ्यात कोळेरोग येतो, कोवळी फळं गळतात. त्यावर बोर्डो मिश्रण. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. पहिली फवारणी पावसाआधी, पुढची उघडीप मिळेल तशी.

मोरचूद अर्ध्या पाण्यात एका पिंपात, चुना उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्या पिंपात, आणि दोन्ही एकदम तिसऱ्यात ओतत ढवळायचं. पिंपं प्लास्टिकची, धातूची नाहीत. मग माझ्या वडिलांनी शिकवलेली परीक्षा: लोखंडी विळ्याचं पातं मिश्रणात बुडवून धरायचं. पातं तांबूस झालं तर चुना कमी पडला, मोकळा मोरचूद उरला आहे, झाडाची कोवळी पानं भाजतील. थोडी चुन्याची निवळी घालून परत पाहायचं. १ : १ चं ते गुणोत्तर बिघडलं की लोखंडच सांगतं. लहानपणी हे मला जादूसारखं वाटायचं, आजही पात्याकडे बघताना तेच वाटतं.

गुरुजींना एक विचारायचं होतं. गुणोत्तराला एकक एकच हवं म्हणता, आणि आम्ही किलो आणि लिटर एका ओळीत १ : १ : १०० लिहितो. मग हे चूक की बरोबर?

---

चिंचोका | बुधवार, सकाळी ६:००

एक लिटर पाण्याचं वजन साधारण एक किलो, म्हणून तुमचा १०० खरं तर १०० किलो आहे. एकक तिथे लपून एकच झालेलं आहे. पाण्याऐवजी तेल असतं तर चाललं नसतं. "बस ३ तासांत १२० किलोमीटर जाते" यात मात्र अंतर आणि वेळ या दोन जाती, त्या काही केल्या एक होत नाहीत. तिथे भागाकारातून ताशी ४० किलोमीटर असा दर येतो आणि त्याला एकक चिकटून राहतं. गुणोत्तराला एकक राहत नाही.

ही जातीची शिस्त आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी लीलावतीत, इ.स. ११५० मध्ये, त्रैराशिक दिलं आहे: प्रमाण, फल, इच्छा. तीन राशी एका ओळीत मांडायच्या. पहिली प्रमाण आणि शेवटची इच्छा या दोन्ही एका जातीच्या हव्यात, फल वेगळ्या जातीचं आणि ते मधे. फलाला इच्छेने गुणायचं, प्रमाणाने भागायचं. त्यातलं केशराचं गणित: तीन सप्तमांश निष्काला (निष्क हे जुनं नाणं) अडीच पळे (पळ हे जुनं वजन) केशर, तर ९ निष्कांना किती? निष्क दोन्ही टोकांना, केशर मधे. उत्तर साडेबावन्न पळे. कोणती संख्या कुठे बसवायची हे जातीवरून ठरतं, वाक्यातल्या क्रमावरून नाही. तुमच्या २०० लिटरच्या पिंपाला मोरचूद किती, हे त्याच ओळीत मांडून पाहा: १०० लिटर, १ किलो, २०० लिटर.

---

हजारी | बुधवार, सकाळी ११:४५

लोकसंख्येच्या आकड्यांशी रोज काम असतं, म्हणून "चे" आणि "शी" उलटले की काय होतं याचं खरं उदाहरण देते. भारतात लिंग गुणोत्तर म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया. २०११ च्या जनगणनेत देशाचा आकडा ९४३, महाराष्ट्राचा ९२९. आंतरराष्ट्रीय आकडेवारीत मात्र बहुधा दर शंभर स्त्रियांमागे पुरुष मोजतात. त्या रीतीने महाराष्ट्राचा आकडा १०७.६ होतो. एकीकडे आकडा वाढणं ही चांगली बातमी, दुसरीकडे तोच वाढणं ही वाईट. दोन तक्ते शेजारी ठेवून घाईत वाचणाऱ्याचा अर्थ पूर्ण फिरतो.

त्याच जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याचा आकडा ११२२ होता. तो पाहून मुलं विचारतात, तिथे मुली जास्त जन्मतात का? तसं नाही. कोकणातले पुरुष पिढ्यान् पिढ्या कामासाठी मुंबईला जातात, आणि गणना जिथे राहतात तिथे होते. गुणोत्तर दोनपैकी कोणतंही पद हललं तरी बदलतं. कोणतं हललं ते आकडा सांगत नाही.

राज्यातला ० ते ६ वयोगटाचा आकडा ८९४ होता. हा मात्र स्थलांतराने समजावता येत नाही. यात ज्या मुली नाहीत, त्यांतल्या बऱ्याच जणींना जन्मूच दिलं नाही. सहावीच्या मुलीला हे सांगावं की नाही हे आईने ठरवावं. मी माझ्या मुलीला सांगितलं.

---

सरळरेषा | बुधवार, दुपारी २:१५

चिंचोका सर, सरबताचं उदाहरण पटलं. "पूर्ण" कुठे आहे हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मत बदललं आहे. अपूर्णांकाची ओळख आधी देऊ नये, गठ्ठ्यांनंतर द्यावी असं आता म्हणेन.

एक भर घालतो. "मुलगे मुलींच्या दुप्पट आहेत" हे वाक्य दिलं की मोठे विद्यार्थीसुद्धा मुली : मुलगे = २ : १ लिहितात, कारण "मुलींच्या" आणि "दुप्पट" हे शब्द शेजारी येतात. तिथेही आधी "जास्त कोण?" हे विचारायला शिकवावं.

---

वहीतली_आई | गुरुवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज आम्ही दोघींनी बसून हे वाचलं. "चे"ला गोल आणि "शी"ला रेघ हे तिला लगेच जमलं. वयांचे रकाने तिने आमच्या खऱ्या वयांनी भरले, आजीचंही धरलं, आणि १ : १ कधीच येणार नाही हे स्वतः म्हणाली. "पण जवळ जवळ जात राहील," हेही. फोनवर तुमच्या नावांपुढच्या वेळा पाहून तिने विचारलं, ९:४० ला संक्षिप्त रूप देता येईल का. तिथली टिंबं तास आणि मिनिटं वेगळी करतात, तुलना करत नाहीत, असं सांगितलं.

आता नवीन अडचण तिनेच काढली आहे. ए-४ कागद पट्टीने मोजला: २९७ मिमी आणि २१० मिमी. संक्षिप्त रूप ९९ : ७०. मग तो मधोमध दुमडला: २१० आणि १४८.५. दोन्ही पदं दुप्पट करून ४२० : २९७, म्हणजे १४० : ९९. बाबा म्हणाले की ए-४ दुमडला तरी आकार तोच राहतो, म्हणजे दोन्ही गुणोत्तरं समान हवीत. तिने तिरके गुणाकार केले. ९९ × ९९ = ९८०१. ७० × १४० = ९८००. एकाचा फरक राहिला. तिने तीनदा तपासलं. मोजण्यात चूक आहे का?

---

चिंचोका | शुक्रवार, सकाळी ५:५०

मोजण्यात चूक नाही. लेकीने एक फार सुंदर गोष्ट पकडली आहे, तिला माझ्यातर्फे शाबासकी द्या.

दुमडल्यावर आकार तंतोतंत तोच राहायला हवा असेल तर लांबीचा वर्ग रुंदीच्या वर्गाच्या बरोबर दुप्पट असावा लागतो. आणि असं होणारी पूर्ण संख्यांची एकही जोडी नाही. कितीही मोठ्या संख्या घ्या, नाही. कागदाची मापं मिलिमीटरमध्ये पूर्ण संख्येने ठेवलेली आहेत, म्हणून ती त्याच्या अगदी जवळची आहेत एवढंच. याची सिद्धता पुढच्या वर्गांत येईल.

तिला तोवर हे करायला द्या. ७ : ५ घ्या. ७ चा वर्ग ४९, ५ च्या वर्गाची दुप्पट ५०, फरक एकाचा. आता नवी जोडी: पहिल्यात दुसऱ्याची दुप्पट मिळवून नवं पूर्वपद, दोन्हींची बेरीज नवं उत्तरपद. ७ + १० = १७, ७ + ५ = १२. म्हणजे १७ : १२. वर्ग २८९, दुप्पट २८८. पुन्हा एकाचाच फरक, पण आता दुसऱ्या बाजूला. पुढची ४१ : २९. त्यापुढची कोणती येते ते तिने काढावं.

---

वहीतली_आई | शुक्रवार, रात्री ८:३५

९९ : ७०! कागदाची जोडी आली म्हणून ओरडत स्वयंपाकघरात आली. थांबायला तयार नव्हती. त्यापुढची २३९ : १६९ काढली: ५७१२१ आणि ५७१२२. मग ५७७ : ४०८.

---

चिंचोका | शुक्रवार, रात्री ८:५०

५७७ : ४०८ वर थोडं थांबा, ताई. ही जोडी बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे, यज्ञवेदी आखणाऱ्यांसाठी सांगितलेली. चौरसाच्या बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा, म्हणजे कर्ण (ज्याचा वर्ग बाजूच्या वर्गाच्या दुप्पट असतो) जवळजवळ मिळतो. बाजू ४०८ धरून तिला करायला सांगा: ४०८ + १३६ + ३४ − १.